शेपटीची खाच

जाळी टाकणारे तिला 'फूटपट्टी' म्हणत. पस्तिशीत, दोन लेकरं पदरात असताना ही बाई कॉलेजात गेली आणि तिथेही माशांच्याच मागे लागली! डोहात कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती मासा फळीवर ठेवी, लांबी मोजी, एक खवला काढून पाकिटात घाली आणि मासा सोडून देई. हातातला मासा सोडणारं माणूस त्या काठाने तोवर पाहिलं नव्हतं.

तिला एकच हवं होतं. अंडी घालायचे दोन महिने डोहात जाळं पडू नये. त्यासाठीची बैठक पंधरा दिवसांवर आली होती, आणि पुरावा म्हणून तिच्याकडे ही मापंच होती. तिच्या वहीवरून फिरणारं कॉलेजातल्या सरांचं बोट अचानक थांबलं.

"कुठपर्यंत मोजलंत?"

"शेपटीच्या टोकापर्यंत. माझे बाबा जन्मभर जाळं टाकतायत, ते तसंच मोजतात."

"आपण शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत मोजतो. टोकं झिजतात, तुटतात." सरांनी वही मिटली. "बैठकीत पुढच्या वर्षी मांडू."

चारशे बारा माशांची मापं पाण्यात गेली! पण हातपाय गाळून बसणाऱ्यांतली ती नव्हती.

"सर, दोनशे मासे दोन्ही रीतींनी मोजले, तर त्यावरून जुने आकडे दुरुस्त होतील ना?"

"होतील. पण चौदा दिवसांत दोनशे?"

पकडणार कोण, हाच प्रश्न होता. डोहाची नस एकट्या बाबांना ठाऊक, आणि डोह बंद झाला तर पहिली चूल त्यांचीच थंडावणार. कुठल्या तोंडाने विचारायचं? तिने स्वतःच जाळं टाकलं. तीन दिवसांत मिळाले अकरा.

चौथ्या सकाळी बाबा काठावर हजर. "जाळं टाकतेस की चादर वाळत घालतेस? आण इकडे."

"बाबा, हे कशासाठी चाललंय, माहीत आहे ना?"

"माझ्या पोटावर पाय द्यायला." त्यांनी जाळं खांद्यावर घेतलं. "पण टोकापर्यंत मोजायला तुला मीच शिकवलं ना."

बैठकीच्या आदल्या दिवशी दोनशेवा मासा आला. गाभोळीने पोट फुगलेली मादी. बाबांनीच खाचेवर बोट ठेवलं, आकडा सांगितला आणि तिला पाण्यात सोडून दिलं. तेवढ्या वजनाचा मासा त्यांनी जन्मात सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डोह दोन महिने बंद ठेवायचं ठरलं. बाकीचे जाळीवाले तावातावाने भांडले, बाबा भांडले नाहीत. बाहेर येऊन चपला घालताना मात्र म्हणाले, "दोन महिने मी जेवायला तुझ्याकडे. मोजून वाढू नकोस."