मी लिहिलेला पंचनामा

तात्यासाहेब मेहुणकर वकील यांचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत, तेवढे दुसऱ्या कुणाचे नाहीत. हे आधी लिहून ठेवतो. पुढचं वाचून कुणी म्हणेल, हा उपकार विसरला. मी विसरलेलो नाही.

त्यांच्यामुळं मी बी.ए. झालो. त्यांच्यामुळं सोलापूरच्या नगरपालिकेत कारकून झालो. आणि त्यांच्याच सांगण्यावरून ज्येष्ठातल्या एका दुपारी, कलेक्टरसाहेबांच्या देखत, मी माझ्या आईला तिच्या जागेवरून मेंढरांसकट हाकलून काढलं.

शहराबाहेरच्या माळावर सार्वजनिक क्रीडांगण झालं होतं. त्याचं उद्घाटन होतं. क्रिकेटसाठी मैदान, कुस्तीचा हौद, पळायला गोल वाट, आणि पाहुण्यांना बसायला पत्र्याचा मंडप. मैदानाच्या मधोमध हिरवळीचा चौकोन होता. सगळा उन्हाळा भिस्ती पखालीनं पाणी घालत होते. भोवती माळ करपलेला, आणि मधे तो एवढाच हिरवा तुकडा. सगळ्या मैदानाला चारी बाजूंनी काटेरी तार.

तात्यासाहेब क्रीडांगण समितीचे अध्यक्ष. भाषणाला उभे राहिले. मी खाली, पाण्याच्या घागरीपाशी उभा. अंगात कोट, डोक्याला काळी टोपी. "हे क्रीडांगण सर्वांसाठी खुलं आहे," असं ते म्हणाले, आणि फाटकातून मेंढरं आत आली.

गाड्या-टांग्यांसाठी फाटक उघडंच होतं. पुढं माझा थोरला भाऊ सिदा, खांद्यावर घोंगडं. मागं आई, घोड्याचा कासरा धरून. त्यांना काय माहीत? दर साली येतात तशी आली. मेंढरांना हिरवळ दिसली. आठ महिन्यांची चाल करून आलेली जनावरं, सरळ त्या चौकोनात घुसली आणि खाली माना घातल्या.

मंडपात एकच हलकल्लोळ. पहारेकरी काठी घेऊन धावला. तात्यासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांना राग आला नव्हता. ते हसत होते. इंग्रजीत कलेक्टरसाहेबांना काही म्हणाले, साहेबही हसले. मग मला हाक मारून मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय रे बी.ए., मेंढरं हाकायला विसरला नाहीस ना? हाक बघू. तुझीच माणसं आहेत."

मंडप हसला.

मी गेलो. टाळूला जीभ लावून आमची हाळी दिली. कोटातल्या माणसाची हाळी मेंढरांनी ओळखली. एकेक मान वर झाली, आणि सगळा कळप माझ्याकडं वळला. मी त्यांना फाटकाबाहेर घेऊन गेलो. मंडपात टाळ्या पडल्या. कुणीतरी इंग्रजीत शाबासकी ओरडलं.

आईनं मला आधी ओळखलं नव्हतं. हाळी ऐकली तेव्हा ओळखलं. जवळ आली, टोपीकडं बघितलं. "लेकरा, तू हाकलतुयास व्हय?" एवढंच. मग घोडा वळवला.

सिदा फाटकाबाहेर उभा राहून तारेकडं बघत होता. "आरं सायेब," तो मला नेहमी चेष्टेनं सायेब म्हणायचा, त्या दिवशी चेष्टा नव्हती. "ही तार कवा झाली? आन् आमी आता कुटं बसायचं, त्ये तरी सांग की."

मी म्हणालो, "ओढ्यापल्याडची जागा तुमच्यासाठी ठेवलीय. तात्यासाहेबांनी शब्द दिलाय."

"आमी ओढ्यावरनंच आलो," सिदा म्हणाला. "तितं बी तार हाय."

हे कसं झालं ते सांगतो.

आम्ही धनगर. आमचा वाडा म्हणजे नऊ घरं, त्यांची मेंढरं, घोडी आणि कुत्री. दिवाळी झाली की वाडा कृष्णेच्या बाजूला उतरतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतो. पावसाळ्याचे चार महिने मुक्काम याच माळावर. आजा, पणजा, सगळे इथंच. माझा जन्म याच माळावरच्या पालात झाला. सातबारा आमच्यापैकी कुणाच्या नावावर नाही. पण सगळे या माळाला धनगरमाळ म्हणूनच ओळखत होते.

सांगोल्याच्या शाळेत मी चौथीत पहिला आलो. तात्यासाहेब एका खटल्यासाठी तिथं आले होते, त्यांनी बक्षीस वाटलं. वडील वारले होते. आईला ते म्हणाले, "पोर मला द्या. माणूस करून परत देतो." शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी मी सात वर्षं राहिलो. मागच्या पडवीत झोपायचो. त्यांनी स्वतः मला मोडी गिरवायला शिकवली. माझा हात धरून. पुण्याला कॉलेजात असताना दर महिन्याला मी त्यांना पत्र लिहायचो, तीर्थरूप म्हणून. वडिलांना कधी पत्र लिहिलं नाही, ते आधीच गेले होते. तीर्थरूप हा शब्द मी तात्यासाहेबांसाठीच शिकलो.

पौषात नगरपालिकेनं क्रीडांगणासाठी माळ घ्यायचं ठरवलं. कायद्याप्रमाणं नोटीस निघाली. ती माळावरच्या बाभळीला डकवली. वाडा तेव्हा कृष्णाकाठी. वाचायला साळुंक्या होत्या. मग जागेचा पंचनामा करायचा होता. तात्यासाहेबांनी मला बोलावलं. "हे काम तू कर. तुझं अक्षर चांगलं आहे."

मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू?

दोन पंच आणि तलाठी घेऊन मी माळावर गेलो. आणि तिथं काही नव्हतं.

आमच्या वाड्याची एक रीत आहे. मुक्काम हलवायचा त्या सकाळी बायका सगळा माळ झाडून काढतात. कुंपणाचे काटे उचलतात. चुली मोडून माती पसरतात, वर शेणाचा हात फिरवतात. लेंडी तर आधीच कुणब्यांनी शेतात नेलेली असते. आमचा देवही घोड्यावरच्या पेटाऱ्यात बसून आमच्याबरोबर येतो. लहानपणी मी आईला विचारलं होतं, आपण परत येणारच आहोत, मग झाडायचं कशाला? आई म्हणाली, "जिमीन जशी घेतली तशी द्याची."

इतक्या पिढ्या राहून आम्ही त्या माळावर एक चूल ठेवली नाही.

तलाठी म्हणाला, "लिहा. जागा मोकळी, पडीक. वहिवाटीची कोणतीही खूण नाही."

माझा टाक थांबला. मी तसाच शुक्रवार पेठेत आलो. तात्यासाहेब अशिलांच्या बाकापाशी उभे होते. मी म्हणालो, "तात्यासाहेब, आमची माणसं चार महिने असतात तिथं. हे लिहायला पाहिजे."

"आज आहेत का?"

"आज नाहीत."

"पंचनामा डोळ्यांनी दिसतं त्याचा असतो. ग्रॅज्युएटला हे सांगायला हवं?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वेडा आहेस. तुझ्या माणसांना मी वाऱ्यावर सोडीन का? ओढ्यापलीकडचा तुकडा पावसाळ्यासाठी त्यांचा. माझा शब्द. तू हे वहिवाटीचं लचांड आत घातलंस तर काम वर्षभर अडेल, आणि शहरातली पोरं काय गल्लीत खेळणार?"

त्यांचा हात खांद्यावर होता. मी लिहिलं. वहिवाटीची कोणतीही खूण नाही. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. मी ते दोनदा वाचून बघितलं.

कृष्णाकाठच्या गावी एक कार्ड टाकलं असतं तर कुणीतरी सिदाला वाचून दाखवलं असतं. टाकलं नाही. शब्द मिळाला होता ना.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मी तात्यासाहेबांना ओढ्यापलीकडच्या जागेचं विचारलं. वाडा तेव्हा चुनाभट्टीमागं, रस्त्याच्या कडेला बसला होता. एका तट्ट्याखाली तीन घरं. तात्यासाहेब वर्तमानपत्र वाचत होते. त्यात त्यांचं भाषण आलं होतं.

"तिथं सभासदांसाठी टेनिसची जागा करायची आहे," ते म्हणाले.

"पण आपण शब्द दिला होता."

"दिला होता. पण समितीपुढं मांडू काय? ज्यांची वहिवाटच नाही, त्यांना बदली जागा कशाबद्दल? पंचनामा तुझाच आहे." पान उलटलं. "त्यांना म्हणावं, माळ काय एकच आहे? फिरती माणसं तुम्ही."

तुम्ही, म्हणाले. त्यात मी होतो.

मी कचेरीत गेलो आणि क्रीडांगणाची फाईल काढली. ती माझ्याच कपाटात असायची. पंचनाम्याच्या मागं एक कागद टाचला होता, तो मी कधी उलटून बघितला नव्हता. त्यावर मोडीत दोन ओळी होत्या. अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. ते वळण माझ्याही हातात आहे.

"सदर पंचनामा त्याच जातीतील पदवीधर कारकुनाकडून करवावा. म्हणजे पुढे हरकत आल्यास टिकणार नाही."

तारीख मला बोलावलं त्याच्या आधीची होती.

मी खुर्चीवर बसून राहिलो. शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी म्हणाले, "काय हो, बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, बरं आहे. सात वर्षं पडवीत झोपलो त्याचं काही वाटलं नाही. मंडपातल्या हसण्याचं वाटलं होतं, पण तेही गिळलं असतं. हे गिळता येईना. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून मला बोलावलं नव्हतं. मी कोण आहे म्हणून बोलावलं होतं.

त्या संध्याकाळी चुनाभट्टीमागं गेलो आणि आईला आणि सिदाला सगळं सांगितलं. पंचनामा माझा आहे, हेही. आई ऐकत होती. तिच्या हातात लोकर होती, पिंजायची थांबली नाही. सिदा उठून गेला. लांब जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "तू शिकल्यालास म्हून आमी बिनघोर हुतो. आमचं पोरगं हाय की कचेरीत, आमाला काय भ्या हाय?" मग खाली बसला. "आता काय करायचं त्ये सांग. लिवता तर तुलाच येतंय."

हरकतीचा अर्ज मी लिहिला. नऊ घरांचे अंगठे घेतले. अर्ज प्रांतसाहेबांकडं गेला आणि त्यांनी चौकशी लावली.

आठ दिवसांनी तात्यासाहेबांनी मला बोलावून घेतलं. पुढ्यात जबानी लिहून तयार होती. माळावर कधीही कुणाची वस्ती नव्हती, हे मला जातीनं माहीत आहे, असं तिच्यात होतं. त्यांनी टाक पुढं केला.

"सही होणार नाही," मी म्हणालो.

"काय म्हणालास?"

"मी सही करणार नाही. मी दुसऱ्या बाजूनं जबानी देणार आहे."

ते हळू आवाजात म्हणाले, "ज्या ताटात जेवलास त्याच ताटात थुंकतोस?"

माझं ताट वेगळं होतं. ते विहिरीजवळच्या कोनाड्यात असायचं आणि मीच घासायचो. हे मी त्या दिवशी बोललो नाही. मी टाकाला हात लावला नाही, नमस्कार केला आणि बाहेर पडलो. पायरी उतरताना मागून हाक येईल असं वाटलं. आली असती तर मी थांबलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही. हाक आली नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी नोकरीचा राजीनामा दिला आणि तात्यासाहेबांना पत्र पाठवलं. ते असं:

श्री. तात्यासाहेब मेहुणकर वकील यांस,
सा. नमस्कार.

तीर्थरूप लिहायला बसलो होतो. हात वळला नाही, क्षमा असावी.

उद्या प्रांतसाहेबांपुढं माझी जबानी आहे. मी काय सांगणार ते आपल्याला आधी कळावं म्हणून लिहितो. आपण मला शिकवलंत, हे मी पहिल्यांदा सांगेन. आपल्यावाचून मी आज मेंढरांमागं असतो आणि मला हा अर्ज लिहिता आला नसता, हेही सांगेन. मग सांगेन की पंचनामा माझ्या हातचा आहे आणि तो खोटा आहे. आमच्या बायका माळ झाडून जातात, हे मला माहीत होतं. जे माहीत होतं ते मी लिहिलं नाही. याची जी शिक्षा असेल ती मला व्हावी.

त्यानंतर फाईलमधला मोडी कागद वाचायला लावीन. फाईल मी कचेरीतून हलवलेली नाही, ती प्रांतसाहेबांनी मागवली आहे. कागद गहाळ झाला तर तो मला तोंडपाठ आहे, आणि अक्षर कुणाचं हे मी शपथेवर सांगेन.

आम्ही हरू, असं वकील मंडळी म्हणतात. हरलो तर वर अपील करू. पुढच्या पावसाळ्यात वाडा पुन्हा त्याच फाटकापाशी येईल, आणि मी वाड्याबरोबर असेन. पहारेकऱ्यानं काठी उगारली तर ती पहिली माझ्या अंगावर पडेल. मेंढरं मी हाकणार नाही.

एकच विनंती. उलटतपासणी आपण स्वतः घ्यावी. दुसरा वकील पाठवू नये.