टाके घातलेली पुस्तकं

"पुसलं नाई, बंद हाय!" असं म्हणून आमच्या कॉलेजातले जीवशास्त्राचे सर हवेत बोट असं नाचवायचे, की मागच्या बाकावरचा झोपाळूही दचकून सरळ बसावा. कामरगावच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो, माझा आवाज शेजारच्या चार वर्गांना पुरतो. पण मंडळी, त्या बोटापुढे मी फिका.

गर्भाचा धडा आला की ते दोन सारखी पुस्तकं काढायचे. दोन्हींतली बरीच पानं पांढऱ्या दोऱ्यानं शिवून बंद केलेली.

"हे डोळ्याच्या पेशीचं, हे काळजाच्या. जनुकांचं पुस्तक एकच. इथं हे पान बंद, तिथं ते. एका पेशीतून अख्खा माणूस असाच घडते." मग आवाज खाली यायचा. "अन् वाढ थांबवणारं पानच चुकून शिवल्या गेलं तं? कॅन्सर!"

गेल्या वर्षी त्यांनाच रक्ताचा कॅन्सर निघाला. तेही त्यांनी वर्गात सांगितलं, धडा शिकवल्यासारखं. "अकोल्याले इंजेक्शन सुरू हाय. ते बंद पानांचे टाके उसवते."

पोरांनी काय करावं? सर पुढचं इंजेक्शन घेऊन आले, तर टेबलावर दोन्ही पुस्तकं, एकूणएक टाके कापलेले, वर झेंडूचं फूल!

सर पोट धरून हसले. "अबे गाढवांनो, सगळंच उघडलं तं आपुन डोळा का काळीज, हे त्या पेशीले कसं समजन? मेलीच ते!"

काही महिने इंजेक्शननं साथ दिली, मग सोडली. सर घरी अंथरुणाला खिळले. कात्री चालवणारी पोरगी माझ्यापुढे येऊन रडली. "सर, आमीच सगळे टाके कापले. म्हणून झालं का?"

मी सरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ते जीपच्या मागच्या सीटवर आडवे पडून आले. ड्रायव्हरनं आणि मी त्यांना धरून वर्गात बसवलं. तोंडावर मास्क, आवाज कसाबसा.

"काहून रडून राह्यली वं? ते पुस्तक कागदाचं. माह्या रक्तातले टाके औषधानं उसवले, पेशीनं पुन्हा घातले. तुहा हात तिथं पोचते का?"

तिनं मान हलवली.

"तोंडानं सांग. साऱ्याइले आयकू येऊ दे."

"नाई सर."

"हां." मग माझ्याकडे वळून, "चला भाऊ, आता बसवत नाई."

नवव्या दिवशी ते गेले.

त्यांचा बुधवारचा तिसरा तास अजून रिकामाच आहे. पोरं दंगा करत असतील, ओरडायला मिळेल म्हणून मी मुद्दाम त्या दारावरून जातो. पोरं गप बसलेली असतात.