एकाला वीसची घोडी

भिजल्या हरभऱ्याचा वास आला की वडवणीकडची ती जत्रा आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं, आमचा ऊस कारखान्याच्या तोडीची वाट बघत उभ्यानं वाळत होता, आणि शर्यतीत ह्यांनी पैसे लावले हरभरे खात उभ्या असलेल्या एका मरतुकड्या घोडीवर, कारण भाव एकाला वीस होता. बाकी सगळं गाव कारखान्याच्या चेअरमनच्या घोड्यावर. शेवटच्या वळणाला घोडी खरंच पुढं आली, हे ओरडले, आणि चेअरमननं मान वळवून बघितलं. ह्यांचा वर गेलेला हात मी खाली ओढला. "गप बसा, आपली तोड त्यांच्या हातात हाय!" देवा, हरू दे तिला, असं मी पुटपुटत राहिले. ती जिंकली, टाळी कुणीच वाजवली नाही. आजही कुणी दुबळं पुढं निघालं, की मी आधी बघते, हरतंय कोण.