पुढे कोण, मागे कोण

भडक्या हे नाव त्याला काचेच्या दुकानात पडलं, आणि अगदी मापात बसलं. माणूस कामाला वाघ, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. चहा गार निघाला तरी भडकायचा आणि तोंड भाजलं तरी भडकायचा. कपाटाचं दार करकरलं की त्या दाराला शिव्या हासडायचा आणि संध्याकाळी गुपचूप त्यात तेल सोडायचा. बायको म्हणायची, "यांचा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं. गॅस बारीक केला की बसतं खाली." पण गेल्या वर्षी एक राग असा उतू गेला की खाली बसायचं नावच घेईना. तो होता मेहुण्यावर, बायकोच्या धाकट्या भावावर. त्याला घरात बाळ्या म्हणत, आणि त्या दिवसापासून ते नाव घरात कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

आता हा राग कळायचा तर मोठी काच कशी उचलतात ते आधी कळायला हवं. दुकानाच्या दर्शनी भागाला लागते तसली काच एकट्याच्या बापाला उचलत नाही. दोघं लागतात. दोघांच्या हातात रबरी चकत्यांच्या पकडी असतात, त्या काचेला चिकटतात. पुढचा उलटा चालतो. त्याची पाठ रस्त्याकडे, तोंड जोडीदाराकडे. रस्ता दिसतो तो मागच्याला, म्हणून बोलायचं कामही मागच्याचं. पायरी, खांब, डावी, उजवी, थांब, टेकव. डावी-उजवी नेहमी मागच्याची धरायची. पुढच्यानं मान वळवून बघायचं नाही, कारण मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की काचेला पीळ बसतो, आणि काच पीळ सहन करत नाही. भडक्या पुढचा होता, बाळ्या मागचा. भडक्यानंच त्याला दुकानात लावलं होतं, हाताला धरून काम शिकवलं होतं, आणि एवढ्या वर्षांत एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं. जो माणूस बायकोनं बंद केलेला नळ पुन्हा एकदा आवळून बघतो, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

मग ती औषधांच्या दुकानाची काच आली. फुटपाथवर डावीकडे गुडघ्याएवढा दगडी खांब होता. भर दुपार, लख्ख ऊन. बाळ्या काही बोललाच नाही. भडक्याची टाच खांबाला अडकली, तो पाठीवर आपटला आणि काच त्याच्या हातावर फुटली. औषधवाला कापूस घेऊन धावत आला, तर भडक्या त्याला बाजूला सारून मेहुण्यावर धावला. "डोळे फुटले का तुझे?" भर रस्त्यात, दहा लोकांसमोर त्यानं विचारलं, आणि एकदा विचारून त्याचं समाधान झालं नाही.  बाळ्या खाली बसून मुकाट्यानं काचा गोळा करत राहिला.

हाताचे टाके निघायच्या आत बाळ्यानं काम सोडलं आणि दुसऱ्या शहरात, एका काचेच्याच कंपनीत, फोनवर ऑर्डरी घ्यायला जाऊन बसला. गादीच्या खुर्चीत. भेटायलासुद्धा आला नाही. इथं भडक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक शिवी सोसली नाही लेकाला. ज्यानं बोट धरून शिकवलं त्याला अर्ध्या वाटेत टाकून खुर्ची गाठली. "या घराचा उंबरठा त्यानं ओलांडायचा नाही," त्यानं बायकोला बजावलं. ती बिचारी दोघांच्या मधे. एकीकडे नवरा, दुसरीकडे पाठचा भाऊ. ती भांडली नाही, पण त्या दिवसापासून नवऱ्याच्या ताटात भाजी वाढताना पळी जरा जोरातच आपटायची.

नंतर दुकानात जे जे मागचे मिळाले, त्यांच्याशी भडक्याचं जमेना. कुणी फार बोलायचा, कुणी उशिरा बोलायचा. खरी गोष्ट अशी की भडक्या आता सारखी मान वळवून बघायचा. मालकानं कंटाळून त्याला काच कापायच्या टेबलावर बसवलं. म्हणजे त्यालाही शेवटी खुर्चीच मिळाली, आणि त्याबद्दलही तो बाळ्यालाच शिव्या द्यायचा.

बायको दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. रविवारी दुपारी मात्र ती आतल्या खोलीचं दार लोटून कानाला हेडफोन लावून बसायची. बहीण-भाऊ कॉम्प्युटरवर कसला तरी राक्षस मारायचा गेम खेळायचे, आपापल्या घरून, दोघं मिळून. भडक्याला हे ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक नाही असं तो दाखवायचा. बायकोला हेही ठाऊक होतं. संसार असाच चालतो.

एका शनिवारी ती दवाखान्याच्या जिन्यात घसरली आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. रविवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "मला बटणं दाबता येत नाहीत. माझ्या जागी तुम्ही बसा."

"कुणाबरोबर?"

"तुम्हाला माहीत आहे कुणाबरोबर."

"मी मेलो तरी बसणार नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि प्लास्टरचा हात छातीशी धरून, डाव्या हातानं भांडी घासायला लागली. एक पातेलं मोरीत गडगडलं. मग दुसरं. तिसऱ्याला भडक्या उठला.

हेडफोन कानाला लावताच ओळखीचा आवाज आला. "ताई, आलीस का?"

"ताई नाही," भडक्या म्हणाला. "ताईचा नवरा."

पलीकडून हळूच, "भावजी."

"भावजी-बिवजी काही नाही. तिचा हात मोडलाय म्हणून बसलोय. काय करायचं ते सांग आणि आटप."

बाळ्यानं समजावून सांगितलं. नव्या माणसाला नवं पात्र निवडावं लागतं, आणि पहिली लेव्हल एकत्र पार करायची म्हणून तोही नवं घेणार होता. स्क्रीनवर चौघं ओळीनं उभे होते. हातभर ढाल घेतलेला ढालकरी, हिरव्या टोपीतला धनुर्धर, दाढीवाला जादूगार आणि पांढऱ्या झग्यातला, हातात काठी घेतलेला वैद्य.

"दोघंच खेळणार असू तर एक ढालकरी आणि एक वैद्य घ्यायचा," बाळ्या म्हणाला. "ढालकऱ्यानं पुढे राहून मार खायचा. वैद्यानं मागं राहून सगळीकडे नजर ठेवायची, ढालकऱ्याला सावध करायचं, जखमा भरायच्या. नव्या माणसाला वैद्य बरा. तुम्ही वैद्य घ्या, भावजी. मी पुढे होतो."

झालं. ठिणगी पडली.

"तू पुढे? जन्मभर पुढे कोण होतं? माझी जागा तिकडे घालवलीस, आता इथंही घालवतोस? आणि मी काय झगा घालून तुझ्या मागं मागं फिरू, मलम लावत?"

"तसं नाही भावजी. पुढच्याला फक्त सोसायचं असतं. बघायचं काम मागच्याचं. मला..."

"सोसायचं कसं ते तू मला शिकवू नकोस. टाके मला पडले होते." आणि भडक्यानं ढालकऱ्यावर बोट आपटलं.

बायको दारात उभी होती. तिच्या ओठांवर काहीतरी येऊन परत गेलं.

बाळ्यानं नाइलाजानं वैद्य घेतला. पहिल्या लेव्हलची गुहा सुरू झाली. बाळ्यानं कुठली कळ कशाची ते सांगितलं, आणि भडक्यानं जे केलं ते जगातला दुसरा कुठलाही खेळाडू करणार नाही. त्यानं ढालकऱ्याचं तोंड फिरवून वैद्याकडे केलं आणि उलट्या पावलांनी गुहेत शिरू लागला. पुढचा माणूस असाच चालतो. दुसरी तऱ्हा त्याला माहीतच नव्हती.

"भावजी, तोंड पुढे करा," बाळ्या म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. हसता हसता त्याचा आवाज घोगरा झाला.

"तू बोल फक्त. रस्ता सांग."

बाळ्या सांगू लागला. सरळ. उजवीकडे दगड. थांबा. आता सरळ. कानांना इतक्या दिवसांनी ओळखीचं काहीतरी मिळालं आणि भडक्याचे खांदे सैल पडले. तेवढ्यात डावीकडच्या कोनाड्यातून दोन राक्षस आले आणि त्यांनी ढालकऱ्याची पाठ फोडून काढली. बाळ्या एक अक्षर बोलला नाही. स्क्रीन लाल झाली.

"परत," भडक्या गरजला. "अगदी तस्संच. डोळ्यांसमोर आले आणि तू गप्प. तेव्हाही गप्प, आताही गप्प. माझा जीव जातोय याचं तुला काही आहे की नाही?"

"आहे," बाळ्या म्हणाला. "म्हणून तर म्हणतोय, मला पुढे जाऊ द्या."

हेडफोन काढून आपटावा असंच भडक्याला वाटलं होतं. पण मोरीत अजून पातेली शिल्लक होती. त्यानं दात-ओठ खात पांढरा झगा निवडला. "जा, मर पुढे," तो म्हणाला.

बाळ्याचा ढालकरी पुढे निघाला आणि मागून भडक्याला पहिल्यांदाच सगळा रस्ता दिसला. गुहा काही एवढी अवघड नव्हती. उजवीकडून जे येई ते बाळ्या सफाईनं उडवी. पण डावीकडचा खड्डा धडधडीत समोर असताना तो सरळ त्यात गेला. भडक्यानं काठी फिरवून त्याला उभा केला. पुन्हा डावीकडचा खड्डा, पुन्हा आत. मग डावीकडच्या भिंतीवर आपटला. डावीकडून बाण आले, त्यानं ढाल हलवलीसुद्धा नाही. पहिल्यांदा भडक्याला वाटलं, मुद्दाम करतोय, टोमणा मारतोय. दुसऱ्यांदा वाटलं, वेंधळा आहे. पुढच्या वेळी तो शिवी द्यायला तोंड उघडून तसाच थांबला.

औषधाच्या दुकानासमोरचा खांब डावीकडे होता.

"बाळ्या," तो म्हणाला. ते नाव त्या खोलीत किती दिवसांनी ऐकू आलं. "तुला डावीकडचं दिसत नाही?"

बाळ्याचा ढालकरी जागच्या जागी थांबला. मग बाळ्या म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, डोळ्याची नस सुकतेय. कडेचं हळूहळू जातंय, डावीकडचं आधी. त्या दिवसापर्यंत मलाच नीट कळलं नव्हतं, भावजी. खांब तिथं होता हे मला तुम्ही पडल्यावर समजलं."

भडक्या बायकोकडे वळला. ती दारात तशीच उभी होती.

"मी काही सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "त्यानं शपथ घातली होती. तुमचं तुम्ही बघितलंत."

राग गेला असं कुणी समजू नये. तो होता तिथंच होता, उलट वाढला, फक्त आता तो कुणावर काढायचा हेच कळेना. बाळ्यावर, की त्यानं सांगितलं नाही? बायकोवर, की तिनं शपथ पाळली? का त्या माणसावर, ज्यानं भर रस्त्यात त्याला विचारलं होतं, डोळे फुटले का तुझे, आणि तो गप्प बसला म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं होतं?

"मला का नाही सांगितलंस?" त्याचा आवाज फाटला. "मी रोज तुझ्या तोंडाकडे बघत चालायचो, गाढवा. रोज."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला सोडलं नसतं," बाळ्या म्हणाला. "माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून तसेच उलटे चालत राहिला असतात. एक दिवस जिन्यावरून खाली गेला असतात. तुमचा स्वभाव मला ठाऊक नाही का?"

हे खोटं आहे असं भडक्याला म्हणता आलं नाही, आणि म्हणून तो आणखीच चिडला. त्यानं नाक ओढलं, खुर्ची पुढे घेतली. "पुढच्या रविवारी इथं यायचं. मी घ्यायला येतो स्टँडवर. नाही आलास तर तंगडं तोडीन."

"येतो."

"आणि आता काय असं उभं राहायचंय? चल."

पुढे अरुंद पूल होता, दोन्हीकडे खोल दरी. बाळ्याचा ढालकरी पुलापाशी थांबला. मग त्यानं तोंड फिरवलं, वैद्याकडे केलं, आणि पुलाकडे पाठ करून उभा राहिला.

भडक्यानं डोळे पुसले आणि स्क्रीनवर डावीकडे नीट बघितलं.

"एक पाऊल मागे," तो म्हणाला. "डावीकडे फळी तुटलीये. उजवी धर. मान वळवू नकोस."