किशोरचा करंडक आणि पपईचा भाव

किशोर गेला, हे सांगणारा सकाळचा फोन शेजारच्या काकांचा होता, आणि मला ते आधी खोटंच वाटलं. आदल्या संध्याकाळी माझा हा धाकटा भाऊ शहाद्याला माझ्याकडे चहा पिऊन निघाला होता... आमच्या गावी, ब्राह्मणपुरीला जाताना वाटेवर, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. आता महिना उलटलाय. भेटायला येणारे त्याच्या संघाच्या करंडकाचंच कौतुक करतात. त्या करंडकापायी त्याचं काय गेलं, हे त्यांना कुठे ठाऊक आहे?

पुण्याच्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाने त्याला घेतलं, तेव्हा तो संघ कधीच जिंकलेला नव्हता. त्या हंगामात मात्र एकामागून एक सामने जिंकत गेला. किशोर रोज जेवणाआधी आईला फोन करायचा. आमची पपईची तोड चालू होती, म्हणून पहिला प्रश्न ठरलेला, "भाव काय निंघना?" मग किती माल गेला, व्यापारी काय म्हणाला, हे सगळं अहिराणीत.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मॅनेजरने त्याचा फोन काढून घेतला. हा रोज कुणाशी तरी सांकेतिक भाषेत बोलतो, भाव विचारतो, मालाचं बोलतो, सट्टेवाल्यांना आतली बातमी देतो, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. किशोरने पपईचं सांगितलं, तर मॅनेजर हसले म्हणे. त्याच्या जागी सागर खेळेल असं ठरलं. सागर त्याच्याच खोलीत राहायचा.

सामना आम्ही घरी पाहिला. किशोर बाकावर का, ते आम्हाला कळेना. शेवटी आमचे दोघे पाच फाउल होऊन बाहेर गेले, तेव्हा प्रशिक्षकाचा नाइलाज झाला. किशोर उतरला, रिंगवरून उडालेला चेंडू त्याने वरच्या वर धरला आणि आत टाकला. संघ पहिल्यांदा विजेता ठरला. आई रडली, गावात फटाके वाजले. तिकडे मैदानावरच्या जल्लोषात किशोरने सागरला त्याच्या वडिलांशी बोलताना ऐकलं. सागर साक्रीकडचा निघाला. बापलेक चक्क अहिराणी बोलत होते.

म्हणजे खोलीतला शब्द न् शब्द त्याला कळत होता. मॅनेजरला तो एका वाक्यात सांगू शकला असता. पुढच्या हंगामात किशोरला बोलावणं आलं नाही, सागरला आलं.

दहाव्याला सागर दारावर आला. मी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं, चुगली तू केलीस का? तो नाही म्हणाला. मग गप्प का बसलास? तो खाली बघत म्हणाला, "माले समदं समजे, ताई. पन मी नासिकना शे, अशे सांगेल व्हतं. आपली बोलीनी लाज वाटे."

लाज... की जागा? मला अजून ठरवता येत नाही. आईने मात्र त्याला चहा दिला आणि जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

पुण्याहून परतल्यापासून किशोर ओट्यावर बसून, स्पीकर लावूनच फोनवर बोलायचा. कुणाचाही फोन असो, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जायचं. आई हसायची त्याला. काल मी तिला फोन केला, तर ती म्हणाली, "थांब बेटा, स्पीकरवर टाकस." घरात ती एकटीच होती.