पोकळ दगडांचे मोरितासान

मोरितासानांनी दोन महिने खपून भिंतीवर केलेल्या खडूच्या फुल्या मी ओल्या फडक्याने अर्ध्या तासात पुसल्या. शिडीसुद्धा स्वतःच आणली होती. पुण्याहून टोकियोत येऊन जेमतेम आठवडा झाला होता, ऑफिससमोरची सफाई त्या दिवशी माझ्याकडे होती, आणि साहेबांवर छाप पाडायची होती.

इमारत जुनी, इंग्रजांच्या जॉर्जियन घाटाची: एका मापाच्या खिडक्या, मधोमध दार, दर्शनी बाजू सगळी दगडी. मोरितासान तिचे राखणदार. सत्तरीचे, किडकिडीत. रस्ता जागा व्हायच्या आत ते छोट्या हातोडीने एकेक दगड वाजवत आणि भिंतीला कान लावत. पोकळ वाजला, की फुली.

त्यांनी स्वच्छ भिंत पाहिली. ओरडले नाहीत, त्यामुळेच मला भीती वाटली. "साठेसान, दगड हा नुसता अंगरखा. आत विटा आहेत. दगडांना धरून ठेवणारे लोखंडी आकडे गंजलेत. दगड पडायच्या आधी सांगतो, आपण कामात असतो." गवंडी चार दिवसांनी येणार होता आणि त्याच दिवशी मोरितासान इस्पितळात दाखल होणार होते.

तीन सकाळी मी शिडी धरली, त्यांनी सगळी भिंत पुन्हा वाजवली. अठरा सापडले.

"एकोणीस होते," ते म्हणाले. "कान आता पूर्वीचे नाहीत. कुठली फुली कुठे होती, आठवतं?"

मला फक्त भिंत किती छान दिसली, तेवढं आठवत होतं.

गवंड्याने अठरा दगड काढले. एकोणिसावा सापडला नव्हता, म्हणून मोरितासानांनी मुख्य दारापुढे दोर बांधला आणि मला बजावलं, "मी येईपर्यंत सोडायचा नाही. कोणीही सांगो."

सांगितलं आमच्या देशपांडे साहेबांनी. "काय रे साठे, क्लायंटला कचऱ्याच्या डब्यांजवळून आत आणू? सोड तो दोर!"

मी जन्मात पहिल्यांदा साहेबाला नाही म्हणालो. ते स्वतःच गाठ सोडायला वाकले. तेवढ्यात दारावरून चुन्याची बारीक धार सांडली. मी त्यांना कोटाला धरून मागे ओढलं. दगड आला. पायरीचे दोन तुकडे झाले. साहेबांच्या हातात दोराचं टोक तसंच होतं.

संध्याकाळी फळं घेऊन मी इस्पितळात गेलो. सगळं रंगवून सांगितलं. मोरितासान डोळे मिटून ऐकत होते.

"कोणाला लागलं?"

"नाही! मी दोर सोडलाच नाही ना!"

त्यांनी डोळे उघडले.

"शौर्य कसलं? तो दगड तुम्हीच पाडलात. फळं तिथे ठेवा."