चार बोटं

केळापूरजवळ ढाब्यावर उभ्या कंटेनरच्या तापलेल्या पत्र्याचा वास आला, की माझा पाय आजही एका जागी ठरत नाही.

आमच्या जिनिंगात पहिला कंटेनर आला तेव्हाही हाच वास होता. यवतमाळला उभ्या असलेल्या एका कंटेनरचं माप आधी घेऊन ठेवलं होतं आणि त्याच मापानं कापसाच्या गाठी दाबल्या होत्या. पण दोन गाठी शेजारी बसेनात, चार बोटं जागा कमी पडली. प्रेसचे मिस्त्री रहीमचाचा हातोडा घेऊन आले. "पत्रा बाहेर ठोकून देतो."

ड्रायव्हरनं हात धरला. "चाचा, हा डबा साऱ्या दुनियेत एकाच मापाचा असते. इथं फुगवला तं जहाजावर बसत नाही."

चाचांनी मान खाली घातली. "मायंच चुकलं," म्हणत सगळ्या गाठी पुन्हा दाबल्या.

मोजायला मी गेलतो. मोजला होता बाहेरून. हे सांगायला दोनदा चाचांच्या घरी गेलो, आणि दोन्हीदा चहा पिऊन परतलो.